पुडीबरोबर घराचाही विचार व्हावा

दोंडाईचा आणि शिंदखेडा तालुक्याच्या परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधु-भगिनींना, तसेच औषधविक्रेत्यांना, गेल्या काही वर्षांत एक बदल जाणवल्यावाचून राहिला नसेल. पूर्वी आयुर्वेदीय चिकित्सालयाच्या बाकावर प्रामुख्याने पोक्त माणसे दिसत. संधिवात, अर्श, श्वास, मधुमेह अशा तक्रारी घेऊन आणि बहुधा इतर सर्व उपाय थकल्यावर ती आपल्याकडे येत. आज त्या बाकावर पंधरा ते पंचवीस वयाची मुलेमुली मोठ्या संख्येने बसलेली असतात. तक्रारी ठरलेल्या आहेत : अम्लपित्त, निद्रानाश, केस गळणे, वजन न वाढणे, डोके जड होणे, पाळी अनियमित असणे, अभ्यासात लक्ष न लागणे. मुलगा असेल तर सर्वांत शेवटी, दाराकडे पाहत, आवाज खाली आणून सांगितलेली 'धातू जाण्याची' तक्रार.

या तक्रारींवर आपल्याकडे औषधे आहेत आणि त्यांनी काही काळ बरेही वाटते. परंतु महिना-दोन महिन्यांनी तोच मुलगा, तीच मुलगी, त्याच तक्रारी घेऊन परत येते. वनस्पतींचा कस उतरला, रुग्ण पथ्य पाळत नाही, औषध वेळेवर घेत नाही, ही कारणे आपण एकमेकांस सांगतो. ती काही अंशी खरी असतीलही. तथापि आमच्या मते मुख्य कारण निराळे आहे. या रोगांचे निदान, म्हणजे हेतू, रुग्णाच्या घरात आणि त्याच्या गावात आहे व त्याला आपण हातच लावलेला नाही. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय, हे आपण विद्यार्थिदशेत घोकले. व्यवसायात मात्र ती पायरी ओलांडून आपण थेट पुडीवर येतो.

शास्त्र काय सांगते

कौटुंबिक आणि सामाजिक परिस्थितीचा आरोग्यावर परिणाम होतो हे आधुनिक मानसशास्त्राचे म्हणणे आहे, आयुर्वेदात त्याला स्थान नाही, असा एक समज आपल्यातील काहींचाही आहे. तो निराधार आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात पहिल्याच अध्यायात प्रकृतीचे सहा आधार सांगितले आहेत : जाती, कुल, देश, काल, वय आणि प्रत्येकाचे स्वतःचे वैशिष्ट्य. आपण नाडी पाहून वात-पित्त-कफ ठरवितो आणि तेथेच थांबतो. कुल, देश आणि काल या तीन शब्दांत रुग्णाचे घर, त्याचे गाव आणि त्याचा जमाना सामावलेला आहे, याकडे आपले दुर्लक्ष होते.

त्याच संहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वयाचा विचार आहे. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात. त्यानंतर तिसाव्या वर्षापर्यंत धातूंचे गुण वाढत असतात, पण सत्त्व प्रायः अनवस्थित असते, म्हणजे मन स्थिरावलेले नसते, असे चरकाचार्य सांगतात. विशीतल्या मुलाने घाईने निर्णय घेणे, क्षणात भडकणे, क्षणात खचणे यांस आपण 'आजकालची पिढी बिघडली' असे म्हणतो. आचार्यांच्या लेखी हा पिढीचा दोष नसून वयाचा धर्म आहे. आधुनिक मेंदुविज्ञानही निर्णय आणि संयम यांच्याशी संबंधित मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो, असेच म्हणते.

अनवस्थित सत्त्वाला आधार लागतो. वेलीला मांडव लागावा तसा तो घराचा, शाळेचा, गावाचा असतो. मांडवच डळमळीत असेल तर वेलीला कितीही खत घातले तरी ती जमिनीवरच पसरणार. आपण खत घालण्यात निष्णात आहोत. मांडवाची विचारपूस कोणी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्या भागातील मांडव

दोंडाईचा म्हटले की मिरचीची बाजारपेठ, स्टार्चचा कारखाना आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग डोळ्यांपुढे येतात. या लोहमार्गाने आपल्या भागाचे कुटुंबजीवन जितके बदलले तितके क्वचितच अन्य कशाने बदलले असेल. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू, कापसाचा भाव हाती येईपर्यंत अनिश्चित. म्हणून घरातील कर्ता पुरुष गाडीत बसतो आणि सुरतेस जातो. उधना, लिंबायत या भागांत आज अहिराणी सहज कानी पडते, इतकी खानदेशी वस्ती तेथे आहे. काही कुटुंबे ऊसतोडीस जातात, काही वीटभट्टीवर. मुले आजी-आजोबांजवळ राहतात, किंवा शाळा अर्धवट सोडून आईबापांबरोबर जातात.

अशा घरात वाढणाऱ्या मुलाचा बाप महिन्याकाठी पैसे पाठवितो. फोनवर तो 'अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको' एवढे बोलतो. पण मुलाला मिसरूड फुटते त्या वयात तो त्याच्या शेजारी नसतो. आई शेतमजुरी, घर आणि सासू-सासरे यांत पिचून गेलेली. मुलाशी बोलायला उरतो तो हातातील मोबाइल. 2020 सालच्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा शिक्षणाच्या निमित्ताने तो घरोघरी मुलांच्या हाती आला आणि शाळा उघडल्यावरही हातातच राहिला. रात्री एक-दोन वाजेपर्यंत जागरण, सकाळी उपाशीपोटी शाळा, दुपारी वडापाव वा कुरकुरीत पाकिटे. आहार आणि निद्रा हे दोन उपस्तंभ असे मोडलेले असता आपण त्या मुलास अम्लपित्तासाठी कामदुधा देतो. हा इंद्रियार्थांचा अतियोग आहे, हे आपणास समजते. परंतु तो अतियोग कोणत्या पोकळीत शिरला, हे आपण विचारीत नाही.

शेतीच्या विवंचनेचा ताण मुलांपर्यंत पोहोचत नाही, असे कोणी समजू नये. आपल्याच तालुक्यातील विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी दारोदार फिरून अखेर जानेवारी 2018 मध्ये मुंबईत मंत्रालयात टोकाचे पाऊल उचलले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ही घटना साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. ज्या घरात ज्येष्ठांची उमेद अशी खचते त्या घरातील तरुण 'शेती करीन' हे कोणत्या बळावर म्हणणार? आणि शेती नाही तर काय, याचे उत्तर त्याला कोण देणार?

त्यातच विवाहाचा प्रश्न. 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात 894 होती. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात ती अवघी 842 होती. त्या जनगणनेतील बालके आज कुमार आणि तरुण वयात आहेत. ज्या मुली जन्मासच आल्या नाहीत त्यांची उणीव आता गावोगाव दिसू लागली आहे. शेती करणाऱ्या मुलास कोणी मुलगी देत नाही, ही तक्रार पारावर रोज ऐकू येते. तिशी उलटलेला अविवाहित तरुण लग्नसमारंभांस जाणे टाळतो, भाऊबंदांच्या चौकशा चुकवितो आणि संध्याकाळी गावाबाहेरच्या टपरीवर बसतो. त्याचा निद्रानाश अश्वगंधाने किती दिवस आटोक्यात राहील? आणि हे संकट कोणी आणले, याचा विचार करताना सोनोग्राफीच्या काळ्या व्यवहारात वैद्यकीय व्यवसायाचा असलेला वाटा विसरून चालणार नाही. समाजाने मुलींच्या बाबतीत जे केले त्याचे फळ समाजाचे मुलगे भोगीत आहेत.

मुलींची कहाणी याहून कठीण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते आणि आपला धुळे जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा पुष्कळच वर होता. त्याच सर्वेक्षणात राज्यातील 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून अधिक मुली पांडुरोगी आढळल्या. पाळीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलीस आपण लोहकल्प देतो, ते योग्यच. पण ती घरात सर्वांत शेवटी जेवते का, दहावीनंतर तिचे शिक्षण थांबवून स्थळे पाहणे सुरू झाले आहे का, रस्त्यात कोणी त्रास देतो म्हणून ती घरात कोंडली गेली आहे का, हे प्रश्न आपल्या केसपेपरवर नसतात. मुलीबरोबर आलेली आत्या किंवा काकूच सर्व उत्तरे देते. मुलगी मान खाली घालून बसते आणि नाडी पाहणाऱ्या वैद्यालाही ते सोयीचे वाटते.

'पूर्वी असे नव्हते' हे उत्तर पुरेसे नाही

यावर आपल्या वर्तुळात एक ठराविक उत्तर असते : एकत्र कुटुंबे मोडली, पाश्चात्त्यांचे अनुकरण वाढले, म्हणून मुले बिघडली. या उत्तरात तथ्याचा अंश आहे. घरात चार वडीलधारी माणसे असली की मुलाला एकाने रागावले तर दुसरा जवळ घेतो. आजही कानबाईच्या रोटांना सुरतेहून, पुण्याहून भाऊबंद गावी येतात, आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येऊन झोक्यावर बसतात, तेव्हा चार दिवस घराचे रूप पालटते. या सणांची मानसिक आरोग्यातील किंमत आम्ही कमी लेखीत नाही.

परंतु एकत्र कुटुंब म्हणजे आरोग्याची हमी, हे मान्य करणे कठीण आहे. त्याच कुटुंबात बारा वर्षांच्या मुलींची लग्ने होत, सुनेला तोंड उघडण्याची मुभा नसे आणि धाकट्या भावाच्या मुलाला कोण मारतो याची दाद कोठेच लागत नसे. शिवाय कुटुंब मोडले ते कोणाच्या हौसेने नव्हे. पाणी नाही, जमिनीचे तुकडे झाले, रोजगार सुरतेत आहे, म्हणून मोडले. ज्या आईबापांस पोटासाठी घर सोडावे लागले त्यांस संस्कारांची प्रवचने ऐकविणे हा न्याय नव्हे. कुटुंब एकत्र आहे की विभक्त, हा खरा प्रश्नच नव्हे. मुलाचे म्हणणे ऐकून घेणारे, त्याला धाक न वाटावा असे एक तरी मोठे माणूस त्या घरात आहे का, हा प्रश्न आहे.

हे केवळ आमचे मत नाही. अमेरिकेतील हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, व्यसन अशा अनेक प्रतिकूलता वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम आणि समजूतदार माणसे झाली. त्यांच्या बाबतीत जी गोष्ट ठळकपणे आढळली ती म्हणजे त्यांच्या आयुष्यात जिव्हाळ्याचे, भरवशाचे एक तरी मोठे माणूस होते. आईबाप नसतील तर आजी, शिक्षक किंवा शेजारी. उलट बाजूने पाहता, 1998 साली अमेरिकेत फेलिटी आणि अँडा यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बालपणी मारहाण, घरातील व्यसन, आईवर होणारी मारझोड अशा चार वा अधिक प्रकारच्या आघातांतून गेलेल्या व्यक्तींमध्ये पुढे दारू, अमली पदार्थ, विषाद आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चौपट ते बारापट आढळला. हेतू बालपणी घडतो आणि व्याधी तारुण्यात व्यक्त होतो. ही संप्राप्ती आयुर्वेदाच्या अभ्यासकास अपरिचित वाटू नये.

आणि यासाठी हवाई बेटांपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. आपल्या शेजारी अमळनेरला 1924 पासून 1930 पर्यंत साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. खेड्यापाड्यांतून, घरापासून दूर आलेली ती मुले. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, आजाऱ्याजवळ बसत, त्यांच्यासाठी 'छात्रालय दैनिक' स्वतः लिहीत. घर दूर राहिलेल्या मुलांस घर देता येते, आणि ते देणारा रक्ताचाच असावा लागतो असे नाही, हे खानदेशाने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे.

आपल्या गल्ल्यातील प्रश्न

येथवर समाजाविषयी लिहिले. आता आपल्या व्यवसायाविषयी लिहिणे प्राप्त आहे. काही वाचकांस ते रुचणार नाही, तरीही लिहिले पाहिजे.

तारुण्यात स्वप्नावस्था होणे ही नैसर्गिक बाब आहे. तीत कोणताही क्षय नाही, हे प्रत्येक शिकलेल्या वैद्यास ठाऊक आहे. तरी घरात या विषयावर कोणी बोलत नाही, शाळेत शिक्षक तो धडा गाळतात, मित्र अर्धवट माहिती देतात आणि भिंतीवरच्या जाहिराती भीती घालतात. या भीतीतून जो विकार निर्माण होतो त्यास डॉ. नरेंद्र विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी 1960 च्या सुमारास 'धात सिंड्रोम' असे नाव दिले आणि आज तो जगभरच्या ग्रंथांत नमूद आहे. कुटुंब आणि समाज यांच्या मौनातून रोग कसा जन्मास येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

असा मुलगा आपल्याकडे येतो तेव्हा दोन मार्ग असतात. पहिला मार्ग : दहा मिनिटे बसवून त्यास सांगावे की बाळ, तुला काही झालेले नाही, घाबरू नकोस. दुसरा मार्ग : गंभीर चेहरा करून तीन महिन्यांचा 'कोर्स' लिहून द्यावा. पहिल्या मार्गात मुलगा बरा होतो आणि वैद्यास तपासणी फी मिळते. दुसऱ्यात मुलाची भीती कायमची पक्की होते, तो घरातून पैसे चोरतो आणि वैद्य व विक्रेता या दोघांचाही गल्ला भरतो. दुसरा मार्ग आयुर्वेद नव्हे. शुक्रधातूविषयीच्या शास्त्रीय विवेचनाचा तो सौदा आहे. लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती 1954 च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने निषिद्ध आहेत. कायद्यास सत्तर वर्षे उलटली, तरी बसस्थानकाच्या भिंती रंगलेल्याच आहेत. त्या पुसण्याचा आग्रह आपल्या संघटनांनी धरला नाही, तर कोणी धरावा?

औषधविक्रेत्यांपुढील प्रश्न याहून तातडीचा आहे. मालेगाव-धुळे पट्ट्यात 'कुत्ता गोळी' या नावाने अल्प्राझोलमच्या गोळ्या तरुणांत विकल्या जातात आणि पोलिसांनी त्या वेळोवेळी पकडल्या आहेत. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचीही तीच कथा. ही दोन्ही औषधे परिशिष्ट एच-1 मध्ये येतात. मार्च 2014 पासून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही, डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नावांसह, ठेवणे आणि ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. आपल्यातील बहुसंख्य दुकानदार नियम पाळतात, असा आमचा विश्वास आहे. परंतु गावात एक दुकान जरी चिठ्ठीवाचून देणारे असले तरी साऱ्या गावाच्या मुलांस त्याचा पत्ता ठाऊक असतो. आसव-अरिष्टांचा आणि भांगयुक्त कल्पांचा खप एखाद्या विशिष्ट वयोगटात अकस्मात वाढला तर त्याचाही अर्थ विक्रेत्याने ओळखला पाहिजे. वारंवार तीच बाटली मागणारा मुलगा हे गिऱ्हाईक नव्हे, तो रुग्ण आहे, आणि त्याला पाहणारा पहिला प्रौढ मनुष्य अनेकदा वैद्य नसून दुकानदार असतो.

काय करता येईल

'आम्ही समाज कसा सुधारणार? आमच्याकडे दहा मिनिटे असतात आणि रुग्णास औषध हवे असते', हा आक्षेप रास्त आहे. पाऊस पाडणे, सुरतेहून बाप परत आणणे हे आपल्या हाती नाही. पण चिकित्सेचे तीन प्रकार सांगताना आचार्यांनी दैवव्यपाश्रय आणि युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीने सत्त्वावजय सांगितला, तो केवळ परीक्षेत लिहिण्यासाठी नव्हे. मनाला अहितकर विषयांपासून आवरणे आणि ज्ञान, धैर्य, स्मृती यांचे बळ देणे ही तिची व्याप्ती होय. त्यासाठी यंत्र लागत नाही, भांडवल लागत नाही. आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

पहिली, तीस वर्षांखालील प्रत्येक रुग्णास चार प्रश्न विचारावेत : घरी कोण कोण असते, जेवण कोणाबरोबर होते, झोप किती वाजता लागते, आणि मन मोकळे करावेसे वाटले तर कोणाशी बोलता? शेवटच्या प्रश्नावर जो बराच वेळ गप्प राहतो त्याची चिकित्सा त्या गप्प राहण्यापासून सुरू होते.

दुसरी, तपासणीत निदान काही मिनिटे तरी सोबतच्या नातेवाइकास बाहेर बसण्याची विनंती करावी. मुलीच्या बाबतीत स्त्री-परिचारिका किंवा वैद्यभगिनी जवळ असावी. मुलाने विश्वासाने सांगितलेले गावात फुटता कामा नये. लहान गावात वैद्याची ही गुप्तताच त्याची खरी ख्याती असते. मात्र अठरा वर्षांखालील मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. बालविवाह ठरत असल्याचे कळल्यास 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. या दोन प्रसंगी गप्प राहणे म्हणजे गुप्तता पाळणे नव्हे.

तिसरी, आईबापांशी बोलावे. आपल्या भागात वैद्याच्या शब्दास अजून मान आहे. शिक्षकाचे न ऐकणारा बापही वैद्याचे ऐकतो. सुरतेहून दिवाळीस आलेल्या बापास 'पोराला पैसे पाठवता ते बरे करता दादा, पण आठवड्यातून एकदा त्याच्याशी अभ्यास सोडून दुसरे काही बोला' एवढे सांगणे ही चिकित्साच आहे. मुलासमोर आईस शिवी देणाऱ्यास, मारहाण हाच संस्कार समजणाऱ्यास, हे शरीरधातूंवर कसे उतरते ते त्याच्या भाषेत समजावता येते.

चौथी, आपली मर्यादा ओळखावी. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) 13 ते 17 वयाच्या मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण 7.3 टक्के आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्या वर्षीच्या एकूण आत्महत्यांत 'कौटुंबिक समस्या' हे कारण सर्वांत वर, 31.7 टक्के होते. जीवनाविषयी निराशेचे बोलणारा, अंगास इजा करून घेणारा, भ्रमिष्टासारखे वागणारा तरुण आला तर ब्राह्मी-जटामांसीवर विसंबून राहू नये. त्यास मनोविकारतज्ज्ञाकडे धाडावे आणि धाडल्यावरही विचारपूस सोडू नये. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेला टेलि-मानस हा शासकीय दूरध्वनी, क्रमांक 14416, विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलतो. शासकीय रुग्णालयांतील 'मैत्री' केंद्रे किशोरवयीनांसाठीच आहेत. व्यसनासाठी पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली उभारलेल्या मुक्तांगणाचे उदाहरण आपल्यापुढे आहे. तेथे रुग्णाइतकेच त्याच्या कुटुंबालाही उपचारांत सामील करून घेतले जाते. हे क्रमांक आणि पत्ते प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी लावलेले असावेत.

पाचवी आणि शेवटची, ही वैद्य आणि विक्रेता यांनी मिळून करावयाची आहे. दर गावात महिन्यातून एकदा, शाळेत किंवा गणपती मंडळाच्या मंडपात, तरुणांशी तासभर बोलावे. विषय औषधांचा नसावा. झोप, जेवण, पाळी, स्वप्नावस्था, व्यसन, राग, हे विषय असावेत. उत्पादनांचा स्टॉल तेथे मांडू नये. त्या एका तासात कोणी काही विकले नाही, हेच मुलांच्या लक्षात राहील.

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात आचार्यांनी प्रश्न उपस्थित केला आहे की प्रकृती, आहार, बल भिन्न असताना एकाच वेळी पुष्कळ माणसे आजारी का पडतात? उत्तर दिले आहे की वायू, जल, देश आणि काल या गोष्टी सर्वांस सामाईक असतात. त्या बिघडल्या की साऱ्यांसच भोगावे लागते, आणि त्या बिघडण्याच्या मुळाशी माणसांचाच प्रज्ञापराध असतो. आपल्या गावातील तरुणांची अस्वस्थता ही एकेका मुलाची तक्रार आहे असे मानून आपण एकेक पुडी बांधीत आहोत. ती सामाईक आहे, हे ओळखण्याइतके शास्त्र आपल्यापाशी आहे. ज्या मंडपाखाली ही मुले वाढत आहेत त्याचे काही खांब आपणही आहोत. ते खांब भक्कम राहावेत, याविषयी आपल्या जिल्हा शाखांच्या बैठकांत चर्चा व्हावी आणि वरीलपैकी निदान पहिल्या दोन सूचना येत्या वर्षात अमलात याव्यात, अशी आमची समस्त सभासदांस आग्रहाची विनंती आहे.